मोटारीत पाणी येते कोठून?

पावसाळ्याच्या तोंडावर कौलारू घराची शाकारणी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. हे काम करणाऱ्या अनुभवी माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माजघरात जेथे थेंब पडतो, त्याच्या बरोबर वरचे कौल क्वचितच फुटलेले असते. फुटके कौल असते चार हात वर, आढ्याजवळ. तेथून आत शिरलेले पाणी वाशाच्या खालच्या अंगाने सरकत येते आणि वाशाला जेथे गाठ किंवा खोच असेल तेथे अडून खाली पडते. थेंबाखाली पातेले ठेवणे हा त्या रात्रीपुरता उपाय झाला. घर वाचवायचे तर पाण्याचा माग काढीत वाशाने उलट वर जावे लागते.

जुन्या मोटारीलाही हाच न्याय लागू पडतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर गाडीचे दार उघडावे तो कुबट वास येतो, पायाखालचा गालिचा दाबला की पाणी वर येते, आणि घरातील मंडळींचे एकमत होते की दाराचे रबर गेले. नवे रबर बसते. पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला! मग काचेभोवती लांबी भरली जाते, त्यानंतर तळाला डांबर फासले जाते. पैसा खर्च होतो, पाणी मात्र येतच राहते. याचे कारण एवढेच की उपाय आधी झाला आणि शोध राहून गेला. हा शोध कसा घ्यावा, त्यामागे पदार्थविज्ञानाचे कोणते साधे नियम आहेत, आणि सापडलेली गळती कशी बंद करावी, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्रश्न केवळ ओल्या गालिच्याचा नाही

आपल्याकडे घरांपुढे अजून ज्या जुन्या गाड्या उभ्या दिसतात त्यांत दोन घराणी मुख्य. एक अँबॅसिडर. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून घेतलेली ही गाडी कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. दुसरी फियाट ११००. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती बनत असे. पुढे १९७० च्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील पद्मिनीचे युग ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपले. आज ज्या घरी अशी गाडी आहे, त्या घरी ती गेल्यास तिच्या जागी तशीच नवी गाडी कारखान्यातून येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे मांडल्या जाणाऱ्या राजेशाही गाड्यांच्या दिमतीला निष्णात कारागीर असतात. आजोबांच्या फियाटला मात्र घरच्या मंडळींच्या डोळ्यांवरच विसंबून राहावे लागते.

येथे या गाड्यांची रचना लक्षात घेतली पाहिजे. मालमोटारीला खाली लोखंडी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असतो. अँबॅसिडर व फियाट या गाड्यांना तसा नसतो. तळाचा पत्रा, दारांखालचे लांब पोकळ उंबरे, बाजूचे खांब आणि छप्पर हे सर्व एकमेकांस वेल्ड करून जी पेटी होते, तीच गाडीचा सांगाडा. बैठकी याच तळाला बोल्टने घट्ट केलेल्या असतात. तेव्हा तळपत्रा व उंबरे गंजले तर गाडी केवळ कुरूप होत नाही, ती दुबळी होते. जॅक लावताच उंबरा कागदासारखा आत दबला, तर गाडीचे बळ कोठे गेले हे वेगळे सांगावयास नको. अशा गाडीला अपघात झाला, तर आत बसलेल्या माणसांचे रक्षण करण्याची ताकद तिच्यात राहिलेली नसते.

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो, हे आपण प्रयोगशाळेत शिकतो. हवेत मीठ असेल तर तो अधिक वेगाने धरतो; गोव्याच्या किनाऱ्यावरील लोकांना याचा अनुभव नित्याचा आहे. मूळ लोखंडापेक्षा गंज कित्येक पट अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो पाचरीसारखा सांधा फाकवितो, आणि पाण्याला नवी वाट करून देतो. बाहेरच्या अंगावर पडलेला पाऊस ऊन पडताच वाळून जातो. गालिच्याखाली मात्र ताग, नमदा किंवा स्पंज यांचा जाड थर असतो. तो पाणी शोषून आठवडेच्या आठवडे तळपत्र्याला ओल लावून ठेवतो. अशी गाडी बाहेरून चकचकीत दिसत असताना आतून झिजत असते.

आत येणारे पाणी किती असू शकते, याचा एक हिशेब करून पाहू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. अँबॅसिडर सुमारे ४.३ मीटर लांब व १.७ मीटर रुंद; म्हणजे तिने जमिनीची सुमारे ७ चौरस मीटर जागा झाकलेली असते. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर ३५० लिटर पाणी पडते. त्याचा हजारावा भागच आत शिरला असे धरले, तरी तो एका पावसात ३५० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर झाला. पावसाळ्यात असे दिवस किती येतात हे वाचकांनीच मोजावे.

मोटार पाण्याला वाट देते

मोटार ही बाटलीसारखी सर्व बाजूंनी बंद वस्तू आहे आणि तिच्यात पाणी शिरूच नये, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. मोटार रचणाऱ्याने काही ठिकाणी पाण्याला आत येऊ दिलेले असते आणि पुढे त्याला बाहेर जाण्याची वाट करून दिलेली असते. छपरावर पन्हळ असते तसाच हा प्रकार.

दाराचे उदाहरण घ्या. काच वरखाली होण्यासाठी दाराच्या वरच्या कडेला फट ठेवावीच लागते. काचेवरून ओघळणारे बरेचसे पाणी तेथील रबराची पट्टी पुसून काढते, तरी काही दाराच्या पोटात उतरतेच. दाराच्या तळकडेला म्हणून लहान लहान भोके ठेवलेली असतात. पाणी त्यांतून रस्त्यावर पडते. दाराच्या आतल्या बाजूस, शोभेच्या पुठ्ठ्यामागे, मेणकागद, डांबरी कागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटविलेला असतो. दाराच्या पोटातील थेंब पुठ्ठ्याकडे न येता पुन्हा पोटातच पडावेत, एवढेच त्याचे काम. तळकडेची भोके चिखलाने बुजली किंवा कोणी हँडल दुरुस्त करताना हा पडदा फाडून टाकला, की वरचे रबर कितीही नवे असो, पाणी गालिच्यावर येणारच. ज्या गाड्यांत समोरच्या काचेखाली हवेसाठी जाळी असते, तेथेही हीच व्यवस्था असते. जाळीतून पडलेला पाऊस खालच्या पन्हळीत गोळा होतो व दोन्ही बाजूंच्या नळ्यांनी चाकांच्या मागे उतरतो. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या या नळ्या पाचोळ्याने तुंबतात, पन्हळ भरते, आणि पाणी आतल्या बाजूस उतू जाते.

पाण्याच्या प्रवासाचे तीन नियम येथे ध्यानात ठेवावेत. पहिला, पाणी उताराकडे जाते; पण हा उतार गाडी जशी उभी असेल तसा बदलतो. चढावर तोंड करून उभ्या केलेल्या गाडीत समोरून शिरलेले पाणी मागच्या बैठकीखाली साचलेले आढळते. दुसरा नियम केशाकर्षणाचा. टीपकागद शाई शोषतो किंवा दिव्याची वात तेल वर ओढते, त्याच नियमाने दोन पत्र्यांमधील केसाएवढ्या फटीतून पाणी आडवे, एवढेच नव्हे तर थोडे वरही चढते. तिसरा नियम हवेच्या दाबाचा. धावत्या गाडीची पुढची त्रिकोणी काच उघडी असली की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि आतील दाब किंचित कमी होतो. उभ्या गाडीत ज्या फटीतून थेंबही आला नसता, तिच्यातून आता पाणी आत खेचले जाते. चाकांनी उडविलेले पाणी तर खालून जोराने आदळत असते. अंगणात नळीने भिजवून कोरडी राहिलेली गाडी प्रवासात ओली होते, त्याचे रहस्य येथे आहे.

एका प्रसिद्ध मोटारीची कथा

या तिसऱ्या नियमाने एका नामांकित कारखान्यालाही घाम फोडला होता. इंग्लंडमध्ये २६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ ही छोटी गाडी लोकांसमोर आली. अॅलेक इसिगोनिस यांनी ती रचली होती. थोड्या जागेत चार माणसे बसविण्याची त्यांची युक्ती पुढे जगभर नावाजली गेली. परंतु पहिल्याच पावसाळी दिवसांत गाडी घेणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या की पायांखालचे गालिचे भिजतात. त्या वर्षीचा इंग्लंडमधील उन्हाळा विशेष कोरडा गेला होता. त्यामुळे हा दोष आधी ध्यानात आला नव्हता.

दारे व काचा यांच्याकडे संशयाने पाहणे साहजिक होते, पण दोष होता तळाशी. तळपत्रा आणि पायांसमोरचा तिरपा पत्रा जेथे एकावर एक येऊन जोडले होते, तेथे जोडाची उघडी कड पुढच्या बाजूस तोंड करून होती. गाडी धावू लागली की रस्त्यावरचे पाणी त्या कडेवर आदळे व जोडातून आत शिरे. काही काळ दारांखालच्या पोकळ उंबऱ्यांत फुगून घट्ट होणारा रासायनिक फेस भरण्याचाही उपाय योजण्यात आला. खरा उपाय अर्थातच जोडाची रचना बदलणे हा होता. कौल घालताना वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, उलट कधी येत नाही. तेच तत्त्व येथे उलटे झाले होते. हा दोष दाराचे रबर बदलून जन्मातही गेला नसता.

शोध कसा घ्यावा?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे काम दोघांचे आहे. एकाने बाहेर राहावयाचे, दुसऱ्याने आत. विद्यार्थ्यांनी ते घरातील वडील माणसांबरोबरच करावे. साहित्य अगदी साधे लागते: बागेची रबरी नळी, विजेरी, जुनी वर्तमानपत्रे, खडू, शंखजिऱ्याची पूड, साबणाचे पाणी, आणि एक वही.

प्रथम हे पाणी कोणते, ते ठरवावे. ओल दिसली म्हणजे ती पावसाचीच असे नाही. बोट बुडवून चोळून पाहावे. पाणी रंगीत व किंचित चिकट लागले, गोडसर वास आला आणि काचांच्या आतल्या बाजूस तेलकट वाफ धरत असली, तर ते इंजिन थंड ठेवणारे पाणी होय. ज्या गाडीत हीटर असतो तिच्या हीटरची गळती शोधावी. मात्र ते जिभेस लावून पाहू नये. ते विषारी असते. ब्रेकच्या पेडलाजवळ तेलकट, बुळबुळीत ओल असेल तर गाडी हलवू नये आणि ताबडतोब मिस्त्रीला बोलवावे. ते ब्रेकचे तेल असू शकते आणि तेथे प्राणांशी गाठ असते. पाऊस नसताना, वातानुकूलन यंत्र चालविल्यावर पुढच्या बाजूस ओल येत असेल, तर त्या यंत्राचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असावी. हवेतील बाष्प थंड पत्र्यावर जमून होणारे दंव हे आणखी एक कारण; ते थोडे असते व सगळीकडे सारखे दिसते. स्वच्छ, बिनवासाचे, पावसानंतर एकाच बाजूला साचणारे पाणी तेवढे पावसाचे समजावे.

दुसरी पायरी गाडी संपूर्ण वाळविण्याची. बैठका, गालिचे व त्यांखालचे जाड थर काढून उन्हात टाकावेत. तळपत्रा उघडा पडला की गंजाचे डाग स्वतःच पुष्कळ काही सांगतात. ओघळाच्या वरच्या टोकाकडे पाहावे, खालच्या नव्हे. वाळलेल्या पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरावेत आणि संशयित सांध्यांच्या खाली शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी. पाणी कागदावर डाग पाडते आणि पुडीत ओघळाची रेघ उमटविते. म्हणजे ते कोणत्या बाजूने आले हे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

तिसरी पायरी नळीची. हिच्यात एकच नियम आहे, पण तो मोडला की सर्व मेहनत वाया जाते: पाणी खालून वर न्यावे. वरून सुरुवात केली तर छपरावरचे पाणी काच, पन्हळ, दार, उंबरा या सर्वांवरून ओघळते आणि त्यांपैकी दोषी कोण हे कळत नाही. म्हणून आधी उंबरा व दाराची तळकड भिजवावी; मग दाराच्या फटी; मग दाराच्या काचेची खालची कड; मग समोरच्या काचेखालची जाळी, काचेची खालची कड, तिचे दोन्ही कोपरे, वरची कड; आणि सर्वांत शेवटी छपराची पन्हळ. प्रत्येक जागी धार मंद ठेवून दहा मिनिटे थांबावे. केशाकर्षणाने येणारे पाणी सावकाश येते. घाई करणाऱ्याला ते दिसत नाही. जोराच्या फवाऱ्याने धुण्याचे यंत्र येथे वापरू नये. ते सुदृढ रबरातूनही पाणी आत घालते आणि खोटी साक्ष देते. बॅटरीची जोडणी आधी काढून ठेवावी. आत बसलेल्याने विजेरी घेऊन डॅशबोर्डाच्या मागे, वर पाहत राहावे आणि पहिला थेंब दिसताच हाक द्यावी. त्या क्षणी नळी कोठे होती, ते वहीत लिहावे.

उदाहरणार्थ, फियाटच्या पुढच्या डाव्या पायाशी पाणी साचते असे समजू. दाराच्या फटींवर दहा मिनिटे पाणी सोडले, आत कोरडे. दाराच्या काचेवर सोडले. पुठ्ठा कोरडा, तळकडेच्या भोकांतून पाणी नीट बाहेर पडते आहे. म्हणजे दार निर्दोष. समोरच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर धार नेली आणि सातव्या मिनिटाला डॅशबोर्डामागील विजेच्या तारांच्या जुडग्यावरून थेंब पडला. पाणी शिरले काचेच्या कोपऱ्यातून. तारेवरून वीतभर घसरले. आणि तार जेथे खाली वाकते त्या वळणावरून गालिच्यावर पडले. वरवर पाहणाऱ्याने ज्या भोकातून तार येते तेथील रबरी बूच बदलले असते. तेही कधी कधी दोषी असते, पण येथे नव्हते.

दारे नीट बंद होतात की नाही हे पाहण्यास पाणीही लागत नाही. दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर दाबले जात आहे. सहज सरकली तर तेथे फट आहे. खडू रबराला चोळून दार लावले, तर चौकटीवर पांढरी रेघ उमटते; रेघ जेथे तुटते तेथे रबर टेकत नाही. तळाच्या व बॉनेटखालच्या सांध्यांसाठी साबणाचे पाणी उपयोगी पडते. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्याच्या भोकातून धूळ उडविण्याच्या ब्लोअरने आत हवा भरावी, बाकीच्या काचा बंद ठेवाव्यात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर जसे बुडबुड्यांनी सापडते, तशीच येथे फट सापडते. धावत्या गाडीतच होणाऱ्या गळतीचा पत्ता लागण्यास हीच युक्ती कामी येते.

दुरुस्ती

उगम एकदा निश्चित झाला की दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते. प्रथम तुंबलेल्या वाटा मोकळ्या कराव्यात. दारांच्या तळकडेची भोके व पन्हळीच्या नळ्या मऊ तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने साफ कराव्यात. टोकदार सळई खुपसू नये आणि पंपाची जोराची हवाही सोडू नये. जुनी नळी तिच्या जागेवरून निसटली तर पाणी थेट गाडीत उतरते. दाराचा पडदा फाटला असेल तर जाड प्लॅस्टिकचा नवा कापून लावावा आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात, आतल्या बाजूला वळवावी. ही कड बाहेर राहिली तर सगळा खटाटोप व्यर्थ.

रबर जुने झाले की ते का गळते, हेही समजून घेतले पाहिजे. सूर्यप्रकाश व हवेतील ओझोन यांमुळे रबराला चिरा पडतात. त्याची लवचिकता जाऊन ते कडक होते आणि आकसते. समोरच्या काचेचे रबर अजून मऊ असेल तर त्याची ओठासारखी कड लाकडी चपट्या काडीने हळूच उचलावी, आतील धूळ साफ करावी आणि कधीही कडक न होणारे काचेचे मस्तिक आत भरावे. रबर ताठ झाले असेल तर ते बदलण्याखेरीज गत्यंतर नाही. नवे रबर काचेला चढवून त्याच्या खाचेत दोरी घालतात, साबणाचे पाणी लावतात, काच चौकटीवर टेकवितात आणि मग एकाने बाहेरून हलकेच दाबीत असता दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरीबरोबर रबराची कड चौकटीवर उलटून बसते. पाहण्यास हे सोपे वाटते, पण जुनी काच पुन्हा मिळणे कठीण असल्यामुळे ते अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. काच काढली असता चौकटीचा पत्रा तपासणे हे यातील खरे महत्त्वाचे काम. तो गंजून खडबडीत झाला असेल तर नवे रबरही त्यावर नीट बसणार नाही. आधी पत्रा, मग रंग, मग रबर, हाच क्रम.

पुष्कळ लोक बाजारातील सिलिकोनची नळी आणून दिसेल त्या फटीत भरतात. हे करू नये. ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना अॅसेटिक आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला ते गंज चढविते. शिवाय त्यावर पुढे रंगही धरत नाही. पत्र्यांच्या सांध्यांसाठी मोटारीचे खास सीलंट मिळते. सांधा खरवडून, गंज काढून, अस्तराचा रंग दिल्यावर ते भरावे. शक्य तेथे ते बाहेरच्या बाजूने भरावे. आतून बुजविलेल्या सांध्यात पाणी शिरून तेथेच अडकते आणि गंज आतल्या आत चालू राहतो.

बॉनेटखालच्या पत्र्यातून तारा आत येतात त्या भोकांची रबरी बुचे चिरली असल्यास बदलावीत. तार आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा. मग तारेवरून येणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, आत जात नाही. घराच्या भिंतीतून विजेची तार आत घेताना चांगले वायरमन हेच करतात. डिकीत पाणी येत असेल तर झाकणाच्या रबराआधी मागच्या दिव्यांखालची रबरी गादी पाहावी. एवढीशी गादी सुकली की चाकांनी उडविलेले पाणी तेथून शिरते. दार बिजागरीवर खाली उतरले असेल तर जाड रबर लावून ते दाबून बसवू नये. बिजागरी नीट करावी.

तळपत्र्याला गंजून भोक पडले असेल तर त्यावर डांबर, फायबरचे कापड किंवा लांबी लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. गंजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तेथे नवा तुकडा वेल्ड करावा. आणि ‘पाणी निघून जाईल’ म्हणून तळाला नवे भोक पाडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. त्याच भोकातून रस्त्यावरचे पाणी वर येते, हे मिनीच्या कथेवरून आपणांस दिसलेच आहे. कारखान्यात ठेवलेल्या भोकांची रबरी झाकणे मात्र जागच्या जागी असावीत.

दुरुस्ती झाली की गालिचा लगेच घालू नये. त्याच जागी, तितकाच वेळ, तीच मंद धार सोडून पुन्हा परीक्षा घ्यावी. एका वेळी एकच दुरुस्ती करावी व प्रत्येकीनंतर अशी परीक्षा घ्यावी. एकदम चार उपाय केले आणि गळती थांबली, तर कोणत्या उपायाने ती थांबली हे कधीच कळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अंधारातच चाचपडावे लागते. दोन उगम असणेही मुळीच दुर्मीळ नाही. एक बंद करूनही थोडी ओल राहिली तर पहिला उपाय चुकला असे न समजता दुसरा उगम शोधावा. पुढे गाडी उभी करताना तिच्यावर हवा न खेळणारे प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये; त्याखाली बाष्प कोंडते. कापडी आच्छादन बरे, छप्पर असल्यास त्याहून बरे.

वैशाखातल्या एखाद्या रविवारी, मृगाच्या आधी, घरातील दोघांनी मिळून अर्धा दिवस एवढे काम केले तर पुष्कळ झाले. नळ्या साफ कराव्यात, दारांची कागदाच्या पट्टीने परीक्षा घ्यावी, गालिच्याचे कोपरे उचलून पाहावेत, आणि जे आढळेल ते तारखेसह वहीत नोंदवावे. चार-पाच वर्षांत ही वही त्या गाडीचा विश्वासू वैद्य होऊन बसेल. गळती शोधण्याची ही रीत आणि प्रयोगशाळेत शिकविली जाणारी रीत एकच आहे: आधी निरीक्षण, मग अनुमान, मग एकेक कारण वेगळे करून परीक्षा, आणि शेवटी उपाय. पाणी कोणाचे अनुमान मानीत नाही. ते आपल्या वाटेने जाते. ती वाट धीराने पाहणाऱ्यालाच सापडते, आणि त्याचीच गाडी कोरडी राहते.